दोन्ही मजल्यांचं मशीन

३ ऑक्टोबर

ती. काकांस, सा. न. वि. वि.

बाबांना नवं मशीन हवंय, तुम्हाला जुनंच दुरुस्त करून हवंय, आणि त्यावरून दोघे भाऊ चहासुद्धा वेगवेगळा घेता, हे वाचून हसू आवरेना. वर तुम्ही, खाली आईबाबा, आणि दोन्ही मजल्यांना हिवाळ्यात ऊब नि उन्हाळ्यात गारवा देणारं ते एकच खडखडणारं धूड. त्याच्यापायी अबोला म्हणजे कमाल झाली.

मत विचारलंत, तर मी तुमच्या बाजूची. कॉम्प्रेसर बदलून आणि गळकी नळी सांधून काम भागत असेल, तर अख्खं धूड भंगारात कशाला? वस्तू जरा कुरकुरली की फेकायची, ही सवय माणसाला आळशी करते आणि कृतघ्नही. आज मशीन फेकाल, उद्या खुर्ची, परवा कुरकुरणारी माणसं. हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवा. उभं राहून वाचा, म्हणजे परिणाम होईल.

गुडघा जपा, जिना हळू उतरा.

तुमच्याच पक्षाची,
ठिणगी

१० ऑक्टोबर

चि. ठिणगीस, अ. आ.

तुझं भाषण ऐकलं. तुझ्या काकाने, म्हणजे आमच्या दादाने, उभं राहून वाचलं, मधे टाळ्यांसाठी थांबलासुद्धा. तुझी आई हसली. मला नाही हसू आलं.

दादाने तुला अर्धंच कळवलंय. दुरुस्त केलेलं मशीन हा हिवाळा काढेल, फार तर पुढचा उन्हाळा, असं मेकॅनिक म्हणतो. दादाला तेवढंच हवंय, कारण त्यानंतर तो इथे राहणार नाही. वृद्धांच्या त्या नव्या निवासात तळमजल्यावरची एक खोली तो आम्हाला न सांगता पाहून आला. तुझी काकू गेल्यापासून वरचा मजला त्याला खायला उठतो, जिना झेपत नाही, आणि आपण कुणाला जड होऊ नये हे त्याने डोक्यात घेतलंय. नवं घ्यायचंच तर खालच्यापुरतं लहान घे, वर हवा पोचवायचा खटाटोप नको, असंही सांगून झालं.

लहानपणापासून वादात तोच जिंकतो. म्हणून मी दोन्ही मजल्यांच्या मशीनचा हट्ट धरून बसलोय. दुसरं काय बोलावं ते सुचत नाही.

आईचे आशीर्वाद आहेतच.

तुझे,
बाबा

१५ ऑक्टोबर

ती. काकांस, सा. न.

मागचं भाषण मी मागे घेते, शब्द न शब्द. असं मी आजवर कुणासाठी केलेलं नाही. माझ्या तत्त्वाच्या आडून तुम्ही हळूच सटकायला निघालात. आयुष्यभर कारखाने तपासलेत, अर्धवट अहवाल देणाऱ्यांना फैलावर घेतलंत, आणि भाचरांना नव्हे, सख्ख्या पुतणीला अर्धवट अहवाल?

कोण कुणाला जड होतं, हे उचलणाऱ्याने ठरवायचं. तुम्ही नाही. तिथे खरोखर जावंसं वाटत असेल, तर तुमच्या पेट्या मी स्वतः येऊन भरते. पण संकोचापोटी निघाला असाल, तर जिन्यात आडवी पडेन. काय खरं ते बाबांना सांगून टाका. त्यांना तुम्ही हवे आहात, आणि ते तोंडाने म्हणता येत नाही म्हणून मशीन, मशीन चाललंय.

रागावलेली, तरी तुमचीच,
ठिणगी

६ नोव्हेंबर

चि. ठिणगीस, अ. उ. आ.

हे पत्र मी बसूनच वाचलं, आणि मनात. मग खाली गेलो आणि तुझ्या बाबाला सांगितलं की त्या निवासात मला करमणार नाही. तिथे संध्याकाळी सगळे टीव्हीकडे तोंड करून बसतात, भांडायला कुणी नाही. तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला आणि मग चहा टाकायला उठला. चहा पिण्याजोगा नव्हता. मी दोन कप प्यायलो.

आता मी खाली, तुझ्या खोलीत. तुझी पुस्तकं वर गेली. येशील तेव्हा वर झोपायचं. वर ऊब नीट पोचते, मी तपासलंय.

नव्या मशीनच्या हमीवर तुझ्या बाबाने मला न विचारता माझं नाव घातलं. हमी दहा वर्षांची. दरवर्षी तपासणीला ज्याचं नाव त्याने घरी हजर राहायचं, अशी अट आहे. मी ती बारकाईने वाचली, पळवाट नाही. आणि नियम मोडणं मला जमत नाही, हे त्या लबाडाला पक्कं ठाऊक आहे.

अशीच रागावत राहा.

तुझा,
काका