बिबट्या, मी आणि तेजूचा पॉडकास्ट

५ जानेवारी
नात तेजस्विनी ओतूरच्या कॉलेजात आहे. तिथे हल्ली अभ्यास नसतो, पॉडकास्ट करायला लावतात. पॉडकास्ट म्हणजे रेडिओच, फक्त बातम्या नसलेला. विषय: गावात आलेला बिबट्या. पंचवीस मार्क. मुख्य वक्ता मी. येडगावात दुसरा आहे कोण? तीन वर्षांपूर्वी गोठ्यात शिरलेला बिबट्या मी एकट्याने हुसकावला, याची आता कायमची नोंद होईल. पारावरचा माझा जुना सोबती धर्माजी अजून त्यावर हसतो. ऐकेल तेव्हा बसेल गप.

६ जानेवारी
झोप नाही. वनखात्याने ऐकले तर? बिबट्याला मारले तर केस होते म्हणतात. ठरवले: काठी मारली म्हणायचे नाही, काठी दाखवली म्हणायचे.

७ जानेवारी, दुपारी ३
रेकॉर्डिंग. स्टुडिओ म्हणजे गोधड्या टांगलेली मागची खोली. यांचे शिक्षण! पंखा बंद, कोंबड्या डालग्याखाली, मोबाईल उशीवर. तेजू म्हणाली, "बाबा, मी मधे अजिबात बोलणार नाही, आवाज येतो. तुम्ही बोला."
मी म्हणालो, "बिबट्या आला." पुढे गाडी हलेना. समोर पोरगी दगडासारखी. आपल्याकडे गोष्ट सांगताना समोरच्याने हुंकार द्यायचा असतो. "हं, मग?" म्हणणारे कोणी नसेल तर माणूस सांगणार कुणाला? एवढेही कॉलेजात शिकवत नाहीत.

८ जानेवारी
तोडगा मीच काढला. हुंकार द्यायला आमच्या कुशाबाईला बसवले. बजावले, फक्त हं म्हणायचं. ती म्हणाली, "मला काय येड लागलंय जास्ती बोलायला?"
उत्तम चालले होते. दिवेलागणीची वेळ. हं. गाय हंबरली. हं. मी काठी घेऊन धावलो. इथे हुंकार आला नाही. पुन्हा सांगितले. तर म्हणते, "अवं, काठी कुटली? तुमी संडासात व्हता. आतनं कडी लावून."
तेजूला सांगितले, हे काप. एडिटिंग असते कशाला? ती म्हणाली, "मग काय झालं, आजी?" आजी सुटलीच. घमेले, त्यावर उलथन्याची बडवाबडवी, "मुडद्या, माझ्या गायीकडं बघतूस?", सगळे. चाळीस मिनिटे. मी सवयीने हं हं करत राहिलो. शेवटी माणसाला रीत असते.

९ जानेवारी
खुलासा, माझ्यापुरता. मी आतून सूचना देत होतो. सेनापती कधी पुढे असतो काय? शिवाय कडी गंजलेली आहे. एकदा लागली की लागली.

१२ जानेवारी
तेजू लॅपटॉपवर कापाकापी करते आहे. शेजारी बसून सल्ला दिला: आजीचा आवाज खरखरीत आहे, माझा ठेव. म्हणाली, "बाबा, तुमचा एकदम क्लिअर आलाय." पोरगी हुशार. माझ्यावर गेली. धर्माजीला लगेच फोन केला, रविवारी पारावर ये म्हणून.

१८ जानेवारी
पारावर ऐकले. अठरा मिनिटे. सगळी कुशाबाई. माझे हं एकवीस. क्लिअर आहेत, यात वाद नाही. शेवटी तेजू नावे वाचते: "गोष्ट, कुशाबाई. हुंकार, कुंडलिक बाबा." धर्माजी हसता हसता पारावरून उतरून खाली बसला. "कुंडलिकराव, लई ग्वाड हुंकार दिला राव! कडीचा आवाज मातर न्हाई आला." अडाणी माणूस. याला कलेतले काय कळणार?

२० जानेवारी
पंचवीसपैकी चोवीस. तेजूच्या मॅडमना दुसरा भाग हवा. कुशाबाईचाच, कॉलेजात येऊन. कुशाबाई म्हणाली, "हे समोर नसलं तर मला सांगाया सुचत न्हाई." मी साफ नकार दिला. मला उद्योग आहेत.

२२ जानेवारी, सकाळी ८
ओतूरची एसटी साडेनऊला. कुशाबाई अजून भाकरी बांधते आहे. मी फाट्यावर येऊन उभा. सदरा इस्त्रीचा. निघताना आरशात दोन्ही म्हणून पाहिले: "हं." आणि "हं, मग?" दुसऱ्यात जास्त वजन आहे.