डावखुऱ्या अधिकाऱ्याचे बकल

३ मार्च २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. बोलण्यापेक्षा लिहिणे मला साधते, आणि लिहिलेले कोणी वाचणार नसेल तर अधिकच साधते.
सिंगापुरातल्या पाया लेबारच्या ऑफिसात आज गोह सरांनी मला पहिले स्वतंत्र काम दिले. आमची कंपनी जुन्या वस्तूंचा पूर्वेतिहास शोधून अहवाल लिहिते. दोन वर्षे अहवाल मी लिहिते आणि सही सर करतात. या वेळी मात्र बेल्जियममधल्या संग्राहक मंडळाने अहवाल स्वीकारला, तर त्यांच्या जूनमधल्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये माझे नाव छापले जाईल. सर म्हणाले, यू कॅन, लाह. मी मान हलवली. मनात पुष्कळ बोलले.
आईला फोनवर सांगितले. संध्याकाळपर्यंत कऱ्हाडात ते न कळलेला माणूस उरला नसावा. माझ्या शाळेतही कळवून झाले.

४ मार्च
वस्तू: कमरपट्ट्याच्या बकलात दडवलेले जर्मन पिस्तूल, दुसऱ्या महायुद्धातले. बाजूची कळ दाबली की बकलाचे झाकण उघडते आणि आतल्या आखूड नळ्या समोरच्या माणसावर रोखल्या जातात. अशी अस्सल पिस्तुले जगात फारच थोडी. बनावट मात्र मुबलक. आपले कोणते, एवढाच प्रश्न.
मालक निशिकांत काका, जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनीअर, राहणार इथल्याच ईस्ट कोस्टला. सिंगापुरात ही वस्तू कपाटात ठेवणे म्हणजे थेट तुरुंग, म्हणून ती अँटवर्पच्या एका परवानाधारक व्यापाऱ्याच्या तिजोरीत आहे. मला फक्त फोटो मिळाले. हरकत नाही. मी तालुक्यात पहिली आले ती बेडूक एकदाही न कापता, केवळ पुस्तकातली आकृती पाठ करून.

६ मार्च
काका ऑफिसात आले. म्हणाले, अगं, तू कऱ्हाडची ना, मग इतकी हळू का बोलतेस, तिकडे तर शेजारच्या घरात ऐकू जाईल असं बोलतात. मी हसले. उत्तर मला आत्ता, घरी आल्यावर सुचले आहे.
त्यांची हकिकत: तरुणपणी जहाज अँटवर्पला लागले असता एका दुकानात त्यांनी हे बकल घेतले. दुकानदाराच्या काउंटरवर जुन्या शस्त्रांवरचे जाड निळे पुस्तक आधीच उघडे होते. त्यातला फोटो आणि बकल त्याने शेजारी शेजारी धरून दाखवले. हुबेहूब. जहाजावर परतल्यावर अभय नावाच्या सेकंड इंजिनीअरने त्यांना सगळ्यांसमोर वेड्यात काढले. तो आता जुरोंगला असतो आणि गणपतीत भेटला की अजूनही विचारतो, काय निशिकांत, तुमची तोफ काय म्हणते. काका म्हणाले, पोरी, तो कॅटलॉग मला त्याच्या हातात द्यायचाय, बाकी काही नको.
नोंद: पुस्तकाशी पडताळणी खुद्द विक्रेत्याने तेव्हाच केलेली होती. भक्कम पुरावा.
संकल्प: उद्या अँटवर्पच्या व्यापाऱ्याला फोन करून बकल हातात घेऊन तपासायला सांगणे.

१० मार्च
फोन झाला नाही. तिकडच्या आणि इकडच्या वेळेत फार अंतर आहे. शिवाय फोनवर माणसे घाईने बोलतात. लेखी चौकशी अधिक शास्त्रशुद्ध. ईमेलचा मसुदा केला. उद्या पुन्हा वाचून मग पाठवीन.
लायब्ररीतून निळ्या पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स आणली. कमरेला तेच बकल लावलेला मिशाळ अधिकारी उभा आहे. काकांच्या फोटोंशी ताडून पाहिले. झाकणाचा आकार, बिजागरी, कळीची जागा, काहीही वेगळे नाही. शाळेत अशा उत्तराला पैकीच्या पैकी मिळत.
डोळे दुखत आहेत. काम मात्र व्यवस्थित चालले आहे.

१५ मार्च, शनिवार
पुस्तकी ज्ञानावर विसंबणारी मी नव्हे. म्हणून पुठ्ठ्याचे बकल केले, कमरेला बांधले आणि प्रयोग केला. एक विलक्षण गोष्ट आढळली. उजव्या हाताने कळ दाबायची तर हात पोटावरून पलीकडे न्यावा लागतो आणि झाकण त्याच हातावर आपटते. डाव्या हाताने मात्र सहज जमते. आरशात पाहिले तर तोच हात उजवा वाटतो आणि सगळे अगदी बरोबर दिसते; पण आरशावर संशोधकाने भिस्त ठेवू नये.
निष्कर्ष: हे बकल डावखुऱ्या अधिकाऱ्यासाठी खास घडवलेले आहे. म्हणजे दुर्मिळातले दुर्मिळ. हे आजवर कोणाच्याच लक्षात कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते.
माझी रूममेट योगिनी, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात बिलिंगला असते, ती नेमकी तेव्हा आत आली. म्हणाली, बाई गं, लग्नाचं वय झालं की मुली दागिने घालून बघतात, तू हे काय बांधलंयस.
दुपारी वाचनात आले की इथे बंदुकीच्या प्रतिकृतीलाही परवाना लागतो. पुठ्ठ्याला लागतो की नाही ते स्पष्ट नव्हते. तुकडे करून इमारतीच्या च्यूटमध्ये, म्हणजे कचरा खाली सोडायच्या नळीत, टाकले. अजून लिफ्टचा आवाज आला की दाराच्या भिंगातून पाहते.

१६ मार्च
अँटवर्पच्या ईमेलचा मसुदा आता अनावश्यक वाटतो. प्रयोगाने तो प्रश्न निकालात निघाला आहे.

२१ मार्च
योगिनी डायनिंग टेबलावर शर्टाला इस्त्री करत होती. बाजूला पडलेली झेरॉक्स पाहून म्हणाली, हा एवढ्या मिशांचा बाप्या आणि बायकांचा कोट घालून उभा आहे, बटणं बघ कोणत्या बाजूला आहेत. मी पाहिले. खरोखरच बायकांच्या बाजूला होती.
अर्धा तास विचार केला. मग उलगडा झाला: युद्धकाळातील कापडटंचाई. पुरुषांचे कपडे पुरेनात तेव्हा अधिकाऱ्यांना स्त्रियांचे कोट वापरावे लागले असणार. योगिनीला नीट समजावून सांगितले. ती म्हणाली, बरं बाई, तू म्हणशील ते, कुकर लावू का.
अहवालात यावर एक सविस्तर तळटीप घातली. एका फोटोतून दोन नवे शोध. थकवा फार आहे, पण हा समाधानाचा थकवा असावा.

२४ मार्च
अहवाल सरांना दिला. त्यांनी पाने चाळली, फोटो पाहिला आणि म्हणाले, सेम ॲज द बुक, व्हेरी गुड. नंतर विचारले की वस्तू कोणी प्रत्यक्ष हाताळून तपासली आहे ना. मी मान हलवली. मान हलवणे म्हणजे होकार देणेच असे नव्हे; ते मी ऐकले, एवढाही त्याचा अर्थ होतो. सरांनी लगेच अहवाल बेल्जियमला पाठवला. आता मागे घेणे उद्धटपणाचे झाले असते.

१६ एप्रिल
उत्तर नाही. इतक्या मौलिक अहवालाला वेळ लागणारच.
आई म्हणाली, फ्रेमवाल्याला सांगून ठेवलंय, पानाचा साइज कळव. काका दोनदा ऑफिसात येऊन गेले. म्हणाले, अभयला मी अजून काही बोललो नाही, नुसतं सांगितलंय की जूनमध्ये वेळ मोकळा ठेव.
संकल्प: उत्तर आल्यावर काकांना स्वतः फोन करून आनंदाची बातमी द्यायची. वाक्ये आत्तापासून पाठ करते आहे.

८ मे, संध्याकाळ
मंडळाने व्हिडिओ कॉल ठेवला. सर, काका, मी आणि मंडळाच्या तज्ज्ञ बाई, सत्तरीच्या तरी असाव्यात. माझा कॅमेरा मी बंद ठेवला. नेटवर्कचे कारण दिले.
बाई शांतपणे बोलल्या. विचारले, अधिकारी डावखुरा होता याला या फोटोखेरीज काही आधार आहे का. मी म्हणाले, तळटीप पाहावी. त्या म्हणाल्या, तळटीप आम्ही सर्वांनी पाहिली.
मग त्यांनी सांगितले. पुस्तकातला तो फोटो छापतानाच उलटा छापला गेला आहे, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. म्हणून कळ भलत्या बाजूला आणि बटणेही. अस्सल बकलाची कळ दुसऱ्या बाजूला असते. पुस्तक निघाल्यावर कोणीतरी त्या फोटोवरून बरीच बकले बनवून विकली. काकांचे त्यातले एक. व्यापाऱ्याने ते हातात घेऊन कळ पाहिली असती तर दोन मिनिटांत कळले असते, असेही त्या म्हणाल्या, पण कोणाला उद्देशून ते बोलल्या नाहीत.
काका हळूच म्हणाले, म्हणजे ते पुस्तक त्या दुकानदाराच्या काउंटरवर आधीच उघडं होतं, ते... वाक्य त्यांनी पुरे केले नाही. बाईंचे आभार मानले आणि त्यांची चौकट स्क्रीनवरून नाहीशी झाली.

९ मे
शांतपणे विचार केला. चूक पुस्तकाची आहे. पुस्तकात जसे होते तसेच मी लिहिले. यापेक्षा विद्यार्थ्याने काय करावे?
काकांना फोन करायचा आहे. पाठ केलेली वाक्ये आता उपयोगाची नाहीत. नवी तयार झाली की करीन.

१२ मे
मीच फोन करणार, तेवढ्यात काकांचा आला. म्हणाले, अगं, मी तुला तपासायला थोडंच सांगितलं होतं, मी तर हो म्हणायला सांगितलं होतं, आणि तू हो म्हणालीस. मग म्हणाले, जेवलीस का. मी हो म्हणाले. जेवले नव्हते.
मंडळाने त्यांच्याकडे बकल प्रदर्शनासाठी मागितले आहे. त्यांनी कायमचेच देऊन टाकले. म्हणजे प्रदर्शनात ते असणार आहे! अहवालाचा काही भाग छापण्याची परवानगीही मंडळाने आमच्याकडे मागितली. सरांनी दिली. आशा अगदीच सोडण्याचे कारण नाही.

२७ जून
कॅटलॉग आला. काकांचे बकल शेवटच्या विभागात आहे. शेजारी निळ्या पुस्तकातला फोटो, त्याखाली कापडटंचाईवरची माझी तळटीप, एकही शब्द न गाळता. खाली माझे संपूर्ण नाव, आडनावासकट, एकही चूक नाही. वरती मथळा: बनावट वस्तू आणि त्यांवर विश्वास कसा बसतो.
सर म्हणाले, नेम इज नेम, लाह.
पानाचा फोटो आईला पाठवला नाही. पण कॅटलॉग इंटरनेटवरही असतो आणि माझ्या नावाचा शोध आई रोजच घेत होती, हे मला आज कळले. तिने फक्त नाव वाचले. इंग्रजी मजकूर मोठा आहे आणि तिचा चष्मा जुना आहे. फॅमिली ग्रुपवर दिवसभर अभिनंदन चालले आहे. मी सर्वांना धन्यवाद लिहिले. न लिहिणे असभ्यपणाचे दिसले असते.

२८ जून, शनिवार
शाळेचा ईमेल आला. मुख्याध्यापकांनी पान मोठे करून सूचनाफलकावर लावायचे ठरवले आहे. आमची शाळा मराठी माध्यमाची, म्हणून मुलांना समजावे यासाठी मीच पानाचा मराठी अनुवाद करून पाठवावा, अशी विनंती आहे. मथळ्यासह, असे मुद्दाम लिहिले आहे.
सकाळपासून बसले आहे. माझे नाव आणि आडनाव मराठीत लिहून झाले आहे.