संध्याकाळचा डबा बंद

४ सप्टेंबर
वरच्या खोलीतला इद्रिस खाली आला. म्हणला, मावशी, संध्याकाळचा डबा बंद करा, सकाळचा राहू द्या. का रे बाबा, तर म्हणे भूक नसते. तेवीस वर्षांचं दांडगं पोरगं, पार सुदानहून नांदेडला शिकायला आलेलं, फार्मसीचं शेवटचं वर्ष, आणि याला रात्रीची भूक नाही! मी काय दुधखुळी आहे? मागच्या गल्लीतल्या खाणावळीनं फोडलं असणार. खा म्हणावं तिथलं सोडा घातलेलं वरण.

७ सप्टें.
लाइटचे पैसे मागितले. त्यानं आधी मीटरचा फोटो काढला, मागच्या महिन्याच्या फोटोशी ताडून बघितला, मग दिले. माझ्या तोंडासमोर. सारी नोकरी शाळेत गेली, असा अविश्वास कुण्या पोरानं दाखवला नव्हता. मराठी धड येत नाही, पण बाजारातलं तेवढं बरोबर शिकला. "किती", "लई महाग", "कमी करा".

११ सप्टें.
लातूरच्या अक्काचा फोन. ती कोचिंगच्या पोरांना खोल्या देते, तिला सगळी नाटकं ठाऊक. वरच्या खोलीचा किरायाही तिनंच ठरवून दिलेला. "बाहेरदेशीचा हाय, सहा हजार सांग." आमच्या गल्लीत चार चालतो. मी सहा सांगितले, यानं हूं की चूं केलं नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी हुज्जत घालणारं पोरगं, आणि माझ्यापुढं गप. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. अक्का म्हणली, संध्याकाळी जातो कुठं ते बघ आधी.

१५ सप्टें.
जातो. रोज दिवेलागणीला, पायी. जेवणवेळ टळल्यावर येतो. आज जिन्यात हात बघितले. बोटं पांढरी, सुरकुतलेली, ढीगभर धुणं धुतल्यावर होतात तशी. हॉटेलात भांडी घासून राहिला, दुसरं काय! या पोरांना इथं कामधंद्याची परवानगी नसते, त्याच्या कॉलेजातल्या क्लार्कनंच सांगितलं होतं. पकडला म्हणजे? पोलिसांच्या फॉर्मवर घरमालक म्हणून सही माझी. विचारावं तर खोटं सांगेल. उद्या मागं जाते.

१६ सप्टें.
रिक्षा केली. त्या उंच पोराच्या मागं हळू चल म्हणलं, तर रिक्षावाला माझ्याकडंच संशयानं बघायला लागला.
पोरगं गेलं गुरुद्वाऱ्यात.
लंगरच्या मागं भांडी धुतात तिथं उभा. डोक्याला रुमाल, बाह्या वर, ताटं घासतोय. बराच वेळ. मग हात पुसून पंगतीत बसला. दोन्ही हात पुढं करून रोटी घेतली, इथल्याच माणसासारखं. परत मागून घेतली. आणखी एकदा. भूक नसते म्हणे.
मीही डोक्यावर पदर घेऊन लांबच्या ओळीत बसले, उठायला पाय निघंना. आमचे हे म्हणायचे, नांदेडात कुणी उपाशी झोपत नाही. ते जाऊन इतकी वर्षं झाली, आज लई आठवण आली.

१७ सप्टें.
सरळ विचारलं. हिंदीत बोलला, अडखळत. तिकडं लढाई सुरू झाल्यापासून घरून पैसे कधी येतात, कधी नाही. फी गेली की किराया आणि सकाळचा डबा, एवढंच बसतं. संध्याकाळ बसत नाही. फुकट कसं खायचं म्हणून ताटं धुतो. उन्हाळ्यातल्या परीक्षेपर्यंत निभलं तर डिग्री, नाहीतर सगळं सोडून परत. परत म्हणजे कुठं, ते त्यालाही सांगता येईना.
मग खाली बघून म्हणला, गल्लीत किराया चार हजार आहे ते मला पहिल्याच महिन्यात कळलं.
मी विचारलं,
"मग गेला का न्हाईस?"
"पुलिस के फॉर्म पे साइन और किसी ने नहीं किया, मावशी. आपने किया."
रागच आला. असं गोड बोलून माणसाला लाजवायचं कुठं शिकला हा? की खरंच साधं पोरगं आहे? काय की.

२० सप्टें.
अक्काला सांगितलं नाही. नाटक म्हणेल. मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं. पण बोटांचं नाटक कसं करता येईल?

१ ऑक्टोबर
किराया आणून दिला. सहा हजार, मोजून. चार ठेवून दोन परत द्यायचे असं काल रात्रीच ठरवलं होतं. नोटा हातात आल्या आणि तोंडातून निघालं, ठीक हाय. आज दोन दिले की मागच्या महिन्यांचेही द्यावे लागणार. गच्ची गळून राहिली, तिचं काम काढलंय. हे सगळं खरं आहे. तरी पैसे कपाटात ठेववले नाहीत, देवघरापुढं पडलेत.

३ ऑक्टो.
दोन भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, कांदा. डबा भरला आणि तो निघायच्या आधी जिन्यात गाठलं. घे म्हणलं.
घेतला नाही. डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मीटरकडं बघतो ना, तसं.
"मावशी, किती?"
काही न्हाई म्हणणार होते. पण त्याच्या जागी मी असते तर माझा बसला असता का विश्वास? या घरात त्याला फुकट काही मिळालंय का आजवर? डबा पायरीवर ठेवला, घरात आले. जरा वेळानं पावलं वाजली. वर गेली की खाली, कळलं नाही.
अंधार पडलाय. डबा तिथंच आहे का, ते अजून बघितलं नाही.