भाऊजीची पाठ, माझा पाय

९ जाने. ६४. पिंपळगाव राजा

जायचं मेहकरले. टुरिंग टॉकीजवाला मंगळवारी तंबू हलवणार, त्याआधी आलास तर काम देतो म्हणाला. मधात अक्काचं गाव लागलं. म्हटलं एक जेवण करून पुढं.

भाऊजी फळीवर पडलेले. दिवाळीपासून. जिनिंगमधी रुईची गाठ उचलताना कंबर धरली ती सुटलीच नाही. कमरेले चामड्याचा पट्टा. उठायचं नाही, वाकायचं नाही. पोळ्याले मारुतीपुढचा गोटा खांद्यावर घेणारा हाच तो माणूस.

अक्काची सासू मले पाहून उठूनच बसली. "पायाळू आला. मी म्हनतच होती."

मी पायांकडून जन्मलो. उसण भरलेल्या पाठीवर पायाळूनं लाथ मारली की उसण उतरते म्हणतात. लहानपणी अर्ध्या गावाच्या पाठी लाथाडून गूळखोबरं खाल्लं. सासूबुढीनं लाथेसाठी रविवार धरला. भाऊजी म्हणे, "मार बे जोरात. साळ्याले असा मोका कुठी भेटते?" अक्का हसली नाही.

१० जाने.

अक्कानं आम्हाले खामगावले धाडलं, नव्या डॉ.कडे. छकड्यात कडबा अंथरून. वाटेत एका वावरात हुरडा भाजून राह्यले होते. मी उतरलो. भाऊजी शिव्या देत पडून.

डॉ.नं पट्टा सोडला. कण्याच्या दोन्ही बाजूंनी मनगटाएवढे दोर होते या माणसाले. आता कणा मधात उभा, बाजूनं खड्डे.

डॉ. म्हणाले, मणक्यांमधे गादी असते, खालची झिजलीय, सरकून नस दाबते. गादी परत भरत नाही. पण पाठीचे स्नायू भार वाटून घेतात, अन् पडून पडून तेच वाळले. मी विचारलं, आधी गादी गेली का आधी पाठ? "ते मलाही ठाम सांगता येणार नाही. एक ढिलं पडलं की दुसऱ्यावर येतं." पट्टा सोडायचा, रोज पालथं पडून छाती थोडी उचलायची, थोडं चालायचं. पायाच्या अंगठ्यात जोर कमी आहे. पंजाच लुळा पडला तर नागपूर, ऑपरेशन. "पाठ कोणाला दाबू देऊ नका. लाथबिथ तर नाहीच." मी माझे पाय बाकाखाली घेतले.

११ जाने.

बुढी म्हणे, "पहिला डाक्टर म्हने पट्टा घाल, हा म्हनते सोड. कोनाचं आयकाव?" तिचंही खरं.

भाऊजी छाती उचलतच नाहीत. "उचलली अन् तुटली तर?" तुटत नाही म्हटलं. "तू कधी डाक्टर झाला बे? चौथी नापास. आधी लाथ मार, मंग उठतो."

अक्का विहिरीवर म्हणाली, "पहाटच्या मोटारीनं निघून जाय. तू नसला तर लाथ कोन मारन?" बरं वाटलं ऐकून. पण उंद्रीले बुढीच्या भाच्याकडं दुसरा पायाळू आहे. पहिलवान. तो खरंच मारेल.

१२ जाने. रवि.

अंगणात भाऊजी गोधडीवर पालथे. बुढीनं माझ्या पायावर पाणी घातलं. मी ओसरीची मेढ धरली, सगळा भार दुसऱ्या पायावर घेतला अन् पाय पाठीवर नुसता टेकवला. टाचेले हाड लागलं. भाऊजी दात खाऊन, डोळे मिटून.

"मारत नाही," म्हटलं. "माहा पाय वर ढकला."

"हे कोनती रीत?" बुढी.

"पायाळू मी हाव का तुम्ही?"

आधी काहीच नाही. मग टाचेखाली काही हललं, मुठीतल्या चिमणीसारखं. छाती बोटभर उचलली, थरथरली, पडली. भाऊजी घामानं ओले. "हलका आहे बे तुहा पाय."

बुढी म्हणे, "लाथ कुठी मारली यानं?"

अक्का म्हणाली, "लागली, आत्याबाई."

१४ जाने. संक्रांत

आज तंबू हलणार. सकाळी थैली खांद्यावर घेतली तर भाऊजी पालथे पडून वाट पाहत. माझा पाय नसला की उचलत नाहीत. अक्कानं तिचा ठेवून पाह्यला. भाऊजी म्हणे, तू कुठं पायाळू.

बुढीनं उंद्रीले निरोप धाडलाच आहे. पहिलवान तीळगुळाले येतो.

भाऊजीच्या पायाचा अंगठा धरून म्हटलं, वर ओढा. हलला. मले वाटलं हलला. भाऊजी म्हणे, "तूच ओढला."

फाट्यावर मोटारीचा भोंगा वाजला. माझा पाय पाठीवर. थैली खांद्यावरच. खालून भाऊजी वर ढकलून राह्यले होते.