बिळाभोवतीची कोरडी माती

माय, काल लेकीने मोबाइलवर एक कोळीण दाखवली. दूरच्या पावसाळी जंगलातली, जेवणाच्या ताटाएवढी, अंगभर तांबूस केस. बेडूक धरते, उंदराचं पिल्लूही खाते, आणि चिडली की मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडून उडवते. मी म्हणाले, "आपल्या लोह्याच्या घरच्या अंगणातली हिची धाकटी बहीणच." लेक हसली. तिने आपली कधी पाहिलेली नाही.

मी शाळेत होते तेव्हाचं. आपली कोळीण बिळाच्या तोंडाशी उताणी पडली होती, आठही पाय वर. "मेली गं बिचारी," म्हणत तू गंगाजळ शिंपडलंस, तुळशीचं पान ठेवलंस आणि कावळ्यांनी ओढू नये म्हणून वर दुरडी पालथी घातलीस. दिवेलागणीला उचलतेस तर तिथं दोन! एक पोकळ, नख्यांपर्यंत अख्खी. शेजारी दुसरी, ओली, फिकट, आधीपेक्षा मोठी. तू हात जोडलेस. "अंग टाकलं बघ तिनं. आता हिच्या दारावर शेण नको." तेव्हापासून सारवताना तू बिळाभोवती परातीएवढी माती कोरडी सोडायचीस. शेजारीण म्हणायची, "काय गं, पाव्हणीला अंगण आंदण दिलंस का?" तू म्हणायचीस, "भाडं देती की. झुरळं खाती."

मग तू गेलीस. तुला निजवलं होतं तिथं काकूने पीठ पसरलं, दिवा लावला, वर तीच दुरडी झाकली. गेलेलं माणूस पुढं कुठला जन्म घेणार, त्याची पावलं पिठावर उमटतात म्हणून. सकाळी सगळे वाकून बघतायत. बारीक ठिपके, दोन्ही बाजूंना चार-चार. "चिमणी झाली गं बाई," काकू म्हणते, आणि सगळ्यांना बरं वाटतं. बिळापाशी ताजी कात पडलेली मी मात्र पाहून आले आहे.

लेक सांगते, अशा माद्या वीस-पंचवीस वर्षं जगतात. मी रोजचा जमाखर्च मांडणारी बाई, मला हा हिशोब लागत नाही. तू जाऊनच वीसेक वर्षं झाली, आणि बिळात कोळीण अजून आहेच. "अगं आई, ही तिची पणती असेल," लेक म्हणते. असेलही.

आज मी माहेरी आलेय. भाऊ उद्या अंगणात फरशी घालायलाय. "आक्का, नातवंडं रांगायलीत. ते बीळ बुजवून टाकतो." देवापुढे बसले, जप काही पुढं सरकेना. तिन्हीसांजेला बिळापाशी गेले. तोंडावरचं रेशीम नवं होतं. हळूच म्हटलं, "माय." आतून दोन पाय आले आणि कडेची माती चाचपत राहिले, तू तांदळातले खडे चाचपायचीस तसे.

भावाला सांगितलं, "तेवढी एक फरशी बसवू नको, पाणी मुरायला जागा पाहिजे. मुलांसाठी वर जाळी ठोक, रुंद भोकांची." "बरं, तू म्हणतीस तर," म्हणाला.

हे लिहून कागदाची बारीक घडी केली. बिळात सरकवायची होती. कडेपर्यंत नेली आणि परत आणली. उत्तर आलं तर काय करू, याची मला भीती वाटते.