चोवीस तासांचा कॅन

३ फेब्रुवारी

जुळली! सकाळी सातला वहिनीचा फोन. "अहो वन्सं, ह्यांना तुमची किडनी जुळतेय हो!"

वन्सं! बावीस वर्षं लॅबमध्ये लोकांची लघवी तपासते म्हणून ह्या बाईसाठी मी 'ती लघवीवाली'. तिच्या घरी जेवायला बसले की दर वेळी, सगळ्यांसमोर — "हात नीट धुतलेस ना गं?" आता त्याच लघवीवालीच्या पोटातला अवयव हवाय. घेताना धुऊन घेणार वाटतं.

"बरं," म्हटलं आणि ठेवला फोन. दुसरं काय म्हणणार?

५ फेब्रुवारी

हॉस्पिटलात आम्हा तिघांना बसवून डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना दोन, मुठीएवढ्या. एकेकीत दहा-दहा लाख बारीक गाळण्या. दिवसाकाठी दीडशे लिटरच्या वर गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं रक्तात परत घेतात — पाणी, साखर, क्षार, जे जे कामाचं ते. उरलेलं दीड-दोन लिटर दोन नळ्यांमधून खाली मूत्राशयात. गाळण्या बिघडल्या की उलटं होतं. रक्तातली प्रथिनं बाहेर गळतात आणि घाण आत साठते. दादाच्या बिघडल्यात. आईच्याही बिघडल्या होत्या.

मला शिकवत होते! दादा मान डोलवत होता. कामाचं ठेवायचं, नको ते बाहेर काढायचं — ते त्याला कशाला शिकवायला हवं? आईला माझ्याकडे आणून सोडलं तेव्हा दुसरं काय केलं होतं त्याने?

तिला मी माझी द्यायला निघाले होते. तेव्हा हाच म्हणाला, "वय झालंय तिचं. कशाला उगाच चिरफाड?" मोठा भाऊ म्हणून त्याचंच ऐकलं सगळ्यांनी. मग अकरा महिने मी एकटीने काढले. लॅब, आई, मुलीची दहावी. तो आला दोनदा. दोन्ही वेळा केळी घेऊन. आईला केळी बंद होती!

७ फेब्रुवारी

मुलगी म्हणते, "आई, द्यायची नसेल तर सरळ नाही म्हण ना."

कॉलेजात शिकते, पण अक्कल नाही. सख्ख्या भावाला नाही म्हणायचं? वहिनीला मधुमेह, त्यांना मूलबाळ नाही, म्हणजे देणारी मी एकटीच. नाही म्हटलं तर काकवा-मावश्या माझ्या तोंडात शेण घालतील.

नाही मी म्हणायचंच नाही. माझ्या लघवीने म्हणायचं.

९ फेब्रुवारी

आज कॅनचा दिवस. देणाऱ्याच्या गाळण्या धड आहेत ना, हे ह्याच्यावरून ठरतं. सकाळची पहिली टाकून द्यायची, वेळ लिहायची. तिथून पुढे चोवीस तास प्रत्येक थेंब ह्या पाच लिटरच्या कॅनमध्ये, उद्या सकाळची धरून. कॅन थंड ठेवायचा. हे मी आजवर हजार लोकांना सांगितलं असेल.

वहिनी दर दोन तासांनी फोन करते. "झाली का?" एरवी लघवीचं नाव काढलं की नाक मुरडणारी बाई, आता मोजदाद ठेवतेय! चौथ्या फोनला म्हटलं, "अजून नाही. झाली की पेढे वाटते."

१० फेब्रुवारी

केलं.

एक अंडं फोडलं, पांढरं वेगळं केलं, दोन चमचे कॅनमध्ये, हलवलं. लघवीत प्रथिनं गळणाऱ्या बाईची किडनी कुठलाही सर्जन घेणार नाही. मागे वळले तर मुलगी दारात. पिवळ्याची पोळी करून खाल्ली तिने.

१२ फेब्रुवारी

अडीच ग्रॅम. चालतं ते दीडशे मिलिग्रॅमपर्यंत. माझा अंदाज एक ग्रॅमचा होता, चमचा मोठा पडला असेल. डॉक्टर बुचकळ्यात. सोनोग्राफी चांगली, रक्त बरं, मग हे कुठून? आत्ता तरी नाही म्हणाले.

सुटले! घरी येऊन चपला न काढता पलंगावर पडले आणि हसले.

वहिनी फोनवर — "त्याच्यातच हात घालून बसतेस दिवसभर, तुला लागणारच ना!" वन्सं संपल्या. नऊ दिवसांत परत 'अगं'वर आली गाडी.

१६ फेब्रुवारी

दादाला बघून आले. डायलिसिसच्या हॉलमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीत. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. दोन मुठींचं काम करायला कपाटाएवढं यंत्र, तेही अर्धवटच करतं. यंत्राला जोडायची हाताची शीर दोनदा बंद पडलीय. तिसऱ्यांदा पडली तर काय, ते नर्स बोलली नाही.

पाणी मोजून मिळतं त्याला. तळहातावर बर्फाचा एक खडा घेऊन बसला होता. चघळायलाही घाबरत होता — संपला तर!

म्हणाला, "नाही जमलं ते बरं झालं. तुझ्याकडून घ्यायला मला तोंड नव्हतं."

मी म्हटलं, "कशाला आता."

"आईच्या वेळी मी भ्यालो गं. तुझी घेतली आणि नाही चालली, तर पुढची माझी मागतील. म्हणून वयाचं काढलं."

म्हणजे आई ह्याच्या भीतीने गेली! दोन कानाखाली द्याव्यात असं वाटलं. हात उचललाही असता, पण त्याच्या हातात सुया खुपसलेल्या. मी तिथेच रडले. रागाने. नर्सला वाटलं मायेने.

भेकड! आणि मी कोण मोठी शूर? त्याने निदान तोंडाने सांगितलं. मी अंडं फोडलं.

१७ फेब्रुवारी

हॉस्पिटलला फोन केला. कॅनमध्ये काहीतरी पडलं होतं म्हटलं, पुन्हा करा. काय पडलं ते त्यांनी विचारलं नाही. हो म्हणाले.

देणार आहे मी. माफ केलेलं नाही. पण देणार आहे.

१९ फेब्रुवारी

दुसरा कॅन. प्रत्येक थेंब. फोन कुणाचाच नाही.

२० फेब्रुवारी

हॉस्पिटलात देण्याआधी आमच्याच लॅबमध्ये थोडी परीक्षानळीत घेतली. सहज. वरचा भाग आचेवर धरला. गढूळ झाली. होते कधी कधी क्षारांमुळे, आम्लाचे दोन थेंब टाकले की निवळते, प्रथिनं असतील तर नाही. टाकले. निवळली नाही.

नळी धुतली. पुन्हा. नवी नळी घेतली. पुन्हा.

दुपारपर्यंत पाच वेळा केलं. पाचही वेळा वर ढग. बाजूची पोरगी म्हणाली, "ताई, कुणाचा आहे हो हा? बिचारा."

बावीस वर्षं जगाची तपासली, स्वतःची एकदाही नाही. आमच्यात कुणीच तपासत नाही. अंडं फुकट गेलं माझं.

२३ फेब्रुवारी

घराण्यातूनच आलंय म्हणतात डॉक्टर. आईचं दादाला, आईचं मला. माझी पाच-सात वर्षं निघतील, नीट राहिले तर. मग तीच खुर्ची.

दादाला मीच सांगितलं. मग म्हणाला, "तुला कोण देणार गं?" हा प्रश्न त्याने विचारावा!

वहिनीने पाणी आणून दिलं. हात धुतलेस का विचारलं नाही.

२५ फेब्रुवारी

सकाळी फ्रिज उघडला. आत कॅन. माझा नाही.

मुलीचा! मला न सांगता जाऊन घेऊन आली. "मला नसेल ना आई, तर एक तुझी," म्हणाली. "पहिली टाकून दिली, वेळ लिहिली. बरोबर ना?"

मी मागितली नव्हती. शपथेवर सांगते, मी चकार शब्द काढला नव्हता.

२७ फेब्रुवारी

रिपोर्ट उद्या. प्रथिनं निघाली तर देवा, ती अंड्याची निघू देत.