पायऱ्यांपासून दारापर्यंत

९ ऑगस्ट

चि. शिऊ,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचे की नाहीत ते तू ठरव. गुडघे सोडले तर मी बरी आहे. तुझ्या काओशुंगला यंदा फार उकडतंय असं बातम्यांत सांगतात. इथे नेहमीचा पाऊस.

एकतीस वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. पालिकेने मला एका समितीवर घेतलं आहे, ते कळवायचं होतं. पाहुण्यांना धक्क्यावरून बाजारपेठेत जायचा रस्ता सापडत नाही. तो सापडावा म्हणून पाट्या लावायच्या, त्याची ही समिती. बंदरात जहाजं आत आणणाऱ्या पायलट लोकांच्या ऑफिसात जन्मभर जहाजांच्या नोंदी ठेवल्या, म्हणून मी 'जाणकार नागरिक'. बाकीचे सहा जण नुसतेच नागरिक आहेत, आणि तेही बिस्किटं येईपर्यंतच.

पाट्या पाहिल्यास तर कपाळाला हात लावशील. प्रत्येक खांबावर डोळा मिचकावणारा गुलाबी माकूळ, आणि त्याचे हात म्हणजे बाण. दहा हात, दहा दिशा. कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नादेतनी आमच्या वहीत असलं चित्र पाहिलं असतं तर पट्टी मोडेपर्यंत मारलं असतं. हे काढणारा तैपेईचा सल्लागार, फांग आडनावाचा. तिशीचा असेल, बूट अगदी पांढरे. धक्क्याच्या खांबावर त्याने लिहिलंय, 'बाजारपेठ, ५ मिनिटं'. मी विचारलं, चालून कुणी पाहिलं? कुणीच नाही. संगणकाने सरळ रेघ ओढली. मध्ये उन्नत मार्ग आहे, त्यावरून जाणारा पादचारी पूल आहे, पुलाला अठ्ठावन्न पायऱ्या आहेत, हे त्या रेघेला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आजी, हल्ली लोक मोबाईलमध्येच रस्ता बघतात," फांग म्हणाला.

"मग तू इथे खांब पुरायला कशाला आलास?"

शेवटी त्याला ओढतच नेलं. परवा सकाळी आम्ही जुन्या दगडी पायऱ्यांपासून निघालो. मी पुढे, तो मागे फोन धरून. त्यात माझा आवाज भरायचा होता, म्हणून प्रत्येक वळण स्पष्ट सांगत चालले. आता उजवीकडे वळ. आता पूल आला. पायरी सांभाळ. आता खाली उतरायचं. मासळीबाजार ओलांडला, आता डावीकडे.

कोपऱ्यावर जियांगकाकांची सूपची गाडी अजून आहे. काका नव्वदीला टेकलेत, त्यांना फोन दिसतो थोडाच. त्यांना दिसलं ते एवढंच, की आपल्या घरची थोरली, म्हणजे मी, पाण्याकडून गावाकडे चालत येते आहे आणि वाट सांगते आहे. त्यांनी डाव खाली ठेवला. स्टूल बाजूला ओढून वाट मोकळी केली आणि मान खाली घालून उभे राहिले.

मी जवळ गेल्यावर हळूच म्हणाले, "आणलंस का गं आ-लियांगला?"

मी ताडकन सांगितलं, हे पालिकेचं काम आहे, भलतं काही बोलू नका. म्हातारा एवढंसं तोंड करून पुन्हा सूप ढवळायला लागला. मागून फांग विचारत होता, आ-लियांग म्हणजे कुठला थांबा?

माझ्याकडून पुढचं एक वळण सांगायचं राहिलं.

शिऊ, त्या दिवसाबद्दल मी तुला खोटं सांगितलं होतं. आपला आ-लियांग बुडाला, भावाच्या बोटीची फळीसुद्धा परत आली नाही, आणि चाळिसाव्या दिवशी आई त्याच्या आत्म्याला घरी आणायला धक्क्यावर गेली. विधी सांगणाऱ्याने सांगितलं, थोरलीने पुढे चालायचं, प्रत्येक वळणाला, प्रत्येक पुलाला हाक मारून वाट सांगायची, नाहीतर तो मागे राहतो. मी म्हटलं, चर्चला चालत नाही. चर्चने काही म्हटलेलं नव्हतं. फादरना मी विचारलंसुद्धा नव्हतं.

पायऱ्यांसमोर आमचं ऑफिस होतं. खिडकीत पायलट लोक चहा पीत उभे होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यांची इंग्रजी पत्रं लिहिणारी मी, हवेशी बोलत चालले आहे, हे त्यांनी पाहू नये, एवढंच माझ्या मनात होतं. मी आत गेले आणि टेबलापाशी बसले. खिडकीतून तुम्हाला जाताना पाहिलं. आई वाट सांगत होती, तू त्याचा शर्ट हातांवर घेतला होतास. नाल्यावरच्या पुलाशी आईला रडू आवरेना आणि तिचा आवाज बंद झाला. संध्याकाळी तू म्हणालीस, "ताई, तो पुलापाशीच राहिला आणि त्याला तिथे तू ठेवलंस." त्यावर मी तुला अडाणी म्हटलं.

त्या खिडकीतले सगळे आता मेले. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला धड आठवत नाही.

नाला बुजला, तो पूल गेला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला त्या पायऱ्याही तोडणार आहेत, तिथे फोटो काढायला सिमेंटचा मोठा माकूळ बसेल. मी विरोधात मत दिलं. सहा विरुद्ध एक.

म्हणजे तीन आठवडे आहेत. शर्ट तुझ्याकडे आहे हे मला ठाऊक आहे; आईने तो तुलाच दिला आणि बरोबर केलं. तो घेऊन ये. मला माफ करायला येऊ नकोस, त्याला न्यायला ये. घर तेच आहे, तुझी खोली झाडून ठेवली आहे. नवा रस्ता फार वाकडा आहे, त्याला एकट्याला जमणार नाही, आणि त्या मूर्ख पाट्यांवर मी त्याला सोडणार नाही. तू शर्ट धर. भर दिवसा, सगळ्या बाजाराच्या देखत, दारापर्यंतचं एकेक वळण मी मोठ्याने सांगेन.

त्या दिवशी खिडकीत बसून राहिलेली,
तुझी ताई
यू-झेन